गोधडीच्या टाक्यांनी सांधलेले गाव
अमेरिकेच्या मिडवेस्टमधील हॅमिल्टन गावाच्या बाजारपेठेची कथा

अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या वायव्य भागात, कॅन्सस सिटीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, हॅमिल्टन नावाचे एक छोटे गाव आहे. लोकसंख्या जेमतेम सतराशे. चहूकडे मका आणि सोयाबीनची शेती, मध्ये एक सरळ मुख्य रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना विटांच्या जुन्या, एक-दोन मजली इमारती. मिडवेस्टमध्ये अशी गावे शेकड्यांनी सापडतील आणि त्यांतील अनेकांच्या मुख्य रस्त्यावरील दुकानांना कुलपे लागलेली दिसतील. दोन दशकांपूर्वी हॅमिल्टनची अवस्था याहून वेगळी नव्हती. आज मात्र याच रस्त्यावर परराज्यांतून आलेल्या पर्यटकांच्या बसगाड्या थांबतात आणि त्यांतून उतरणारी मंडळी येतात ती कापड खरेदी करायला. गोधडीसाठी लागणारे कापड!

एका कुटुंबाने २००८ मध्ये सुरू केलेल्या छोट्या व्यवसायाने हे घडवून आणले. अमेरिकेतील लघुउद्योगांची चर्चा निघाली की ‘मिसूरी स्टार क्विल्ट कंपनी’चे उदाहरण हमखास दिले जाते. मात्र ही केवळ एका कंपनीच्या यशाची गोष्ट नाही. गावाची बाजारपेठ कशी उभी राहते, ती का मोडते आणि पुन्हा उभी राहिली तर कोणाच्या आधाराने, हे तिन्ही प्रश्न हॅमिल्टनच्या इतिहासात एकाच रस्त्यावर पाहायला मिळतात.

रेल्वेने वसवलेली गावे

अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या व्याख्येनुसार मिडवेस्टमध्ये बारा राज्यांचा समावेश होतो. पूर्वेकडील ओहायोपासून पश्चिमेकडील नेब्रास्का व कॅन्ससपर्यंत आणि उत्तरेकडील मिनेसोटापासून दक्षिणेकडील मिसूरीपर्यंत हा प्रदेश पसरला आहे. शिकागो, डेट्रॉइट यांसारखी औद्योगिक शहरे त्यात येत असली तरी या प्रदेशाचा मोठा भाग शेतीचा आहे. एकोणिसाव्या शतकात येथे लोहमार्ग पडत गेले आणि त्यांच्या कडेने ठराविक अंतरावर गावे वसत गेली. शेतकऱ्याने घोडागाडीतून माल घेऊन यावे, तो रेल्वेत चढवावा आणि परतताना घरचे सामान घेऊन जावे, हा या गावांच्या अस्तित्वाचा आधार होता.

हॅमिल्टनची आखणी १८५५ मध्ये झाली. मिसिसिपी नदीवरील हॅनिबल आणि मिसूरी नदीवरील सेंट जोसेफ या शहरांना जोडणारा लोहमार्ग १८५९ मध्ये पूर्ण झाला आणि त्यावरील एक स्थानक म्हणून हॅमिल्टन वाढले. किराणा, कापड, लोखंडी सामान, औषधे, घोड्यांचे साज, बँक आणि खानावळ अशी सारी दुकाने मुख्य रस्त्यावर आली. अमेरिकी बोलीत या रस्त्याला ‘मेन स्ट्रीट’ म्हणतात, मग त्याचे पाटीवरील नाव काहीही असो. हॅमिल्टनमध्ये ते डेव्हिस स्ट्रीट असे आहे.

आज या लोहमार्गाला समांतर ३६ क्रमांकाचा महामार्ग जातो. त्याच्या काठच्या गावांनी अमेरिकेला बरेच काही दिले. हॅनिबलमध्ये मार्क ट्वेन यांचे बालपण गेले, मार्सेलीनमध्ये वॉल्ट डिस्ने यांचे. हॅमिल्टनच्या पूर्वेला असलेल्या चिलिकॉथी गावात ७ जुलै १९२८ रोजी यंत्राने कापलेला पाव प्रथमच बाजारात विक्रीला आला. खुद्द हॅमिल्टनच्या वाट्याला आला तो एक दुकानदार.

पेनींचे पाचशेवे दुकान

जेम्स कॅश पेनी यांचा जन्म १८७५ मध्ये हॅमिल्टनजवळच्या एका शेतावर झाला. वडील शेतकरी आणि धर्मोपदेशक. घरची परिस्थिती बेताची. आठव्या वर्षापासून स्वतःचे कपडे स्वतःच्या कमाईतून घ्यायचे, अशी वडिलांची शिस्त होती. १८९५ मध्ये पेनी गावातील जे. एम. हेल यांच्या कापड दुकानात उमेदवार म्हणून लागले. वर्षाअखेरपर्यंतच्या कामाचे एकूण वेतन ठरले २५ डॉलर, म्हणजे महिन्याला सव्वादोन डॉलरच्या आसपास. कापडाची प्रत ओळखणे, ग्राहकाशी बोलणे आणि माल नीट मांडून ठेवणे हे सारे ते येथे शिकले.

प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना कोरड्या हवेच्या शोधात पश्चिमेकडे जावे लागले. १४ एप्रिल १९०२ रोजी वायोमिंग राज्यातील केमरर या खाणकामगारांच्या गावात त्यांनी भागीदारीत ‘गोल्डन रूल’ नावाचे दुकान उघडले. खाणगावात उधारीचा रिवाज होता. पेनींनी रोखीने, पण कमी नफ्यावर विक्री सुरू केली. दुकानाचा व्यवस्थापक तयार झाला की त्याला पुढच्या दुकानात भागीदार करायचे, या पद्धतीने त्यांच्या दुकानांची साखळी झपाट्याने वाढली. १९२४ मध्ये पेनींनी आपले पाचशेवे दुकान उघडले ते मुद्दाम हॅमिल्टनमध्ये, ज्या गावात त्यांनी उमेदवारी केली होती तेथे. १९७३ पर्यंत कंपनीच्या दुकानांची संख्या दोन हजारांवर गेली होती.

हॅमिल्टनला या सुपुत्राचा अभिमान आहे. गावचे ग्रंथालय आणि संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मात्र त्यांच्या यशात गावाच्या दृष्टीने एक उणीव राहून गेली. पेनींनी व्यापाराचे धडे हॅमिल्टनमध्ये गिरवले, पण व्यापार उभारला तो इतरत्र. पाचशे दुकानांपैकी एक गावाच्या वाट्याला आले. त्या एका दुकानाचे भवितव्यही गावात नव्हे, तर कंपनीच्या दूरच्या मुख्यालयात ठरणार होते. पुढे ते बंद झाले.

बाजारपेठ ओस का पडली?

मेन स्ट्रीटच्या ऱ्हासाचा दोष सहसा महाकाय दुकानांना दिला जातो. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. छोट्या गावातील दुकानदाराला पहिले आव्हान मिळाले ते टपालाने. शिकागोत १८७२ मध्ये माँटगोमेरी वॉर्ड यांनी शेतकऱ्यांना सूचीपत्रावरून माल पाठवण्यास सुरुवात केली. पाठोपाठ सीअर्सची जाडजूड सूचीपत्रे घरोघर पोहोचली. १९१३ मध्ये सरकारी टपाल खात्याची पार्सल सेवा सुरू झाल्यावर शहरातील माल थेट शेतावर येऊ लागला. चिडलेल्या दुकानदारांनी काही गावांत या सूचीपत्रांच्या होळ्याही केल्या.

दुसरा धक्का मोटारीने आणि पक्क्या रस्त्याने दिला. पंधरा किलोमीटरवरच्या गावाऐवजी साठ किलोमीटरवरच्या शहरात जाणे सोपे झाले. तिसरा आणि सर्वांत खोलवरचा बदल शेतीत झाला. यंत्रांमुळे एकच कुटुंब पूर्वीच्या अनेक शेतांइतकी जमीन कसू लागले. शेते मोठी झाली, तशी शेतकरी कुटुंबे कमी झाली आणि त्यांच्याबरोबर गावातील ग्राहकही. १९८० च्या दशकात शेतजमिनीचे भाव कोसळले, व्याजदर चढे राहिले आणि मिडवेस्टमधील असंख्य शेतकरी कर्जात बुडाले. त्याची झळ गावच्या बँकेपासून केशकर्तनालयापर्यंत सर्वांना बसली.

त्यानंतर आले वॉलमार्ट. सॅम वॉल्टन यांचे पहिले वॉलमार्ट दुकान १९६२ मध्ये आर्कान्सा राज्यातील रॉजर्स येथे उघडले. या दुकानांनी छोट्या गावांचाच बाजार काबीज केला. योगायोग असा, की मिसूरीतच लहानाचे मोठे झालेले वॉल्टन यांनी १९४० मध्ये आयोवा राज्यातील डे मॉइन येथे नोकरीचा श्रीगणेशा केला तो पेनींच्याच दुकानात, दरमहा ७५ डॉलर वेतनावर. दुकानाच्या पाहणीसाठी आलेल्या पेनींनी कमीत कमी कागद आणि सुतळीत गाठोडे कसे बांधावे, हे आपल्याला स्वतः करून दाखवले होते, अशी आठवण वॉल्टन यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे. हॅमिल्टनच्या कापड दुकानात शिकलेली काटकसर अशा रीतीने पुढच्या पिढीकडे गेली आणि त्या पिढीच्या दुकानांनी हॅमिल्टनसारख्याच गावांच्या बाजारपेठा रित्या केल्या.

एका गोधडीची प्रतीक्षा

डोन कुटुंब १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातून मिसूरीत आले. जेनी आणि रॉन डोन यांना सात मुले. कॅलिफोर्नियातील खर्च झेपेना, म्हणून स्वस्त घर आणि मोकळी जागा शोधत ते येथवर पोहोचले. रॉन यांना ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्रात यंत्रांच्या देखभालीची नोकरी मिळाली. शिवणाची आवड असलेल्या जेनी चिलिकॉथी येथील व्यवसाय प्रशिक्षण शाळेत क्विल्ट शिवण्याच्या वर्गाला जाऊ लागल्या.

क्विल्ट म्हणजे काय, हे मराठी वाचकाला फार समजावून सांगावे लागणार नाही. जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी किंवा वाकळ महाराष्ट्रात घरोघर होती. अमेरिकी क्विल्टचे तीन थर असतात. वर रंगीत तुकडे जोडून तयार केलेला दर्शनी भाग, मध्ये कापसाचा किंवा तत्सम भरावाचा थर आणि खाली अस्तर. तुकडे जोडणे हे हौसेचे काम. तिन्ही थर एकत्र शिवण्याचे काम मात्र जिकिरीचे असल्यामुळे अनेक जणी ते लांब दांड्याचे मोठे यंत्र बाळगणाऱ्या व्यावसायिकाकडून करून घेतात.

जेनी यांनी आपली एक क्विल्ट अशीच शिवायला दिली होती. काम इतके तुंबले होते, की ती परत मिळण्यास वर्षभर लागणार होते. मुलगा ॲलन याने ‘कोणती क्विल्ट?’ असे विचारले, तेव्हा कोणती दिली होती हेच त्यांना आठवेना. माणसे वर्षभर थांबायला तयार आहेत, म्हणजे येथे मागणी आहे आणि पुरवठा कमी आहे, हे ॲलन आणि त्याची बहीण सारा यांनी हेरले. तो काळ आर्थिक मंदीचा होता. २००८ च्या पडझडीत आईवडिलांची निवृत्तीसाठी राखलेली पुंजी आटली होती. आईला हातखर्चापुरते उत्पन्न मिळावे, इतक्याच हेतूने मुलांनी कर्ज काढून एक यंत्र आणि ते ठेवण्यासाठी गावात एक इमारत घेतली. इमारतीला २४ हजार डॉलर पडले आणि यंत्राला ३६ हजार. मुख्य बाजारातील इमारत तिच्यात ठेवायच्या यंत्रापेक्षा स्वस्त मिळावी, यावरून गावाच्या तेव्हाच्या स्थितीची कल्पना येते.

तयार तुकड्यांचे गणित

यंत्र आले, पण सतराशे वस्तीच्या गावात क्विल्ट शिवून घेणारे असणार किती? कामाचा ओघ अगदीच क्षीण होता. म्हणून दुकानात थोडे कापडही ठेवले गेले आणि ते संकेतस्थळावरही मांडण्यात आले. ग्राहक यावेत यासाठी ॲलनने आईला यूट्यूबवर क्विल्टचे धडे देण्याचे सुचवले. यूट्यूब म्हणजे काय, हेही जेनी यांना तेव्हा ठाऊक नव्हते. २००९ पासून हे धडे नियमित येऊ लागले. वयाची पन्नाशी ओलांडलेली, चुकले तर हसणारी, अवघड नमुना सोपा करून दाखवणारी ही बाई प्रेक्षकांना आपल्या ओळखीची वाटली. धडे विनामूल्य होते. त्यासाठी लागणारे कापड दुकानात मिळत होते. आज या वाहिनीचे प्रेक्षक लाखोंच्या संख्येने असून ते अनेक देशांत पसरले आहेत.

या व्यवसायाचे खरे मर्म तयार कापलेल्या तुकड्यांत आहे. पारंपरिक पद्धतीत दुकानदार ताग्यातून गजाने मोजून कापड देतो. ग्राहकाला दहा-पंधरा रंग निवडावे लागतात, ते एकमेकांना शोभतील का याची धास्ती असते आणि घरी नेऊन पुन्हा कापावे लागते. तयार तुकड्यांत एकाच संग्रहातील सर्व नक्ष्यांचे एकसारखे तुकडे एकत्र येतात. अडीच इंची पट्ट्यांच्या गुंडाळीला ‘जेली रोल’, पाच इंची चौकोनांच्या गठ्ठ्याला ‘चार्म पॅक’ आणि दहा इंची चौकोनांना ‘लेयर केक’ अशी बेकरीच्या काचेआड शोभावीत तशी त्यांची नावे आहेत.

व्यापाराच्या दृष्टीने याचे फायदे अनेक. प्रत्येक गठ्ठा सारख्या आकाराचा असल्याने साठा मोजणे सोपे जाते. टपालखर्च आधीच ठरवता येतो. कापड हाताळून न पाहताही छायाचित्रावरून ग्राहक निर्धास्तपणे मागवू शकतो. नवख्या माणसाच्या मनातील कापण्याची भीती जाते. जेनी यांचे बहुसंख्य धडे अशा तुकड्यांवरच आधारलेले आहेत. तुकडे ही कल्पना डोन कुटुंबाची नव्हे. ती कापड उत्पादकांची. धडा आणि गठ्ठा यांची सांगड मात्र या कुटुंबाने घातली. जोडीला रोज एका वस्तूवर मोठी सवलत ठेवण्याची पद्धत आली, त्यामुळे ग्राहक दररोज संकेतस्थळावर डोकावू लागले. ॲलनचे मित्र डेव्हिड मिफसूद हे व्यवसायात भागीदार म्हणून आले. २०१४ मध्ये ‘ब्लॉक’ हे नियतकालिकही सुरू झाले.

टपालाचा ओघ उलटा फिरला

कंपनीची मुख्य विक्री संकेतस्थळावरून होते. केवळ नफ्याचा विचार केला असता तर महामार्गालगत एखादे मोठे गोदाम बांधून काम भागले असते. पण धडे पाहणारे प्रेक्षक प्रत्यक्ष दुकान पाहायला हॅमिल्टनमध्ये येऊ लागले. त्यांच्यासाठी एक दुकान अपुरे पडू लागले, तेव्हा कुटुंबाने मुख्य रस्त्यावरील एकेक रिकामी इमारत घेऊन ती दुरुस्त करण्यास सुरुवात केली. एकाच छताखाली सर्व माल ठेवण्याऐवजी प्रत्येक इमारतीत वेगळ्या प्रकारचे कापड ठेवले. एकात सणांचे, एकात लहान मुलांचे, एकात गडद सुती, एकात लोकरी. अशी डझनाहून अधिक दुकाने उभी राहिली. साहजिकच ग्राहकाला संपूर्ण रस्ता पायी फिरावा लागतो. वाटेत त्याला भूक लागते, विसावा हवा असतो, मुक्काम करावासा वाटतो. त्यातून खाणावळी आणि पाहुण्यांच्या खोल्या यांना गिऱ्हाईक मिळाले. क्विल्टमध्ये रस नसलेल्या यजमानांसाठी आरामखुर्च्या, दूरचित्रवाणी संच आणि बिलियर्डचे टेबल असलेली एक खास जागाही राखली आहे.

पेनींच्या पाचशेव्या दुकानाची इमारतही या विस्तारात पुन्हा उपयोगात आली. गावच्या जुन्या शाळेच्या इमारतीत २०१९ मध्ये मिसूरी क्विल्ट संग्रहालय सुरू झाले. त्याच्या आवारात दोऱ्याचे एक अवाढव्य रीळ उभारले असून पर्यटकांची छायाचित्रे काढण्याची ती ठरलेली जागा झाली आहे.

या साऱ्यात एक ऐतिहासिक फेरा पूर्ण झालेला दिसतो. शतकापूर्वी शिकागोहून निघालेली पार्सले हॅमिल्टनसारख्या गावांत येत आणि तेथील दुकानदाराचा धंदा बुडवत. आज हॅमिल्टनहून निघालेली पार्सले शिकागोत, न्यूयॉर्कमध्ये आणि देशाबाहेरही जातात. मेन स्ट्रीटला ज्या दूरस्थ विक्रीने प्रथम घायाळ केले, तिनेच येथे तिला उभे राहण्यास हात दिला.

लघुउद्योगांमागील व्यवस्था

मे २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या लघुउद्योग प्रशासनाने ॲलन डोन, सारा गॅलब्रेथ आणि डेव्हिड मिफसूद यांना त्या वर्षीचे राष्ट्रीय लघुउद्योजक म्हणून गौरवले. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या या प्रशासनाची कार्यपद्धती जाणून घेण्यासारखी आहे. ते सहसा स्वतः कर्ज देत नाही, तर बँकेने दिलेल्या कर्जाच्या मोठ्या हिश्शाची हमी घेते. त्याच्या मुख्य योजनेत ५० लाख डॉलरपर्यंतच्या कर्जाला साधारणपणे ७५ टक्के, तर दीड लाख डॉलरपर्यंतच्या छोट्या कर्जाला ८५ टक्क्यांपर्यंत हमी मिळते. तारण अपुरे असलेल्या उद्योजकाला त्यामुळे गावच्या बँकेचे दार उघडते. विद्यापीठांशी संलग्न लघुउद्योग विकास केंद्रे आणि १९६४ पासून कार्यरत असलेली निवृत्त उद्योजकांची ‘स्कोअर’ ही संस्था हिशेब, परवाने व विक्री यांबाबत विनाशुल्क सल्ला देतात.

या प्रशासनाच्या अलीकडच्या आकडेवारीनुसार अमेरिकेत साडेतीन कोटींच्या आसपास लघुउद्योग असून एकूण उद्योगांत त्यांचे प्रमाण ९९.९ टक्के आहे. खासगी क्षेत्रातील सुमारे ४६ टक्के नोकऱ्या त्यांच्याकडे आहेत. हे आकडे मोठे वाटले तरी बहुतेक उद्योगांत मालकाखेरीज दुसरा एकही कर्मचारी नसतो, हेही लक्षात घ्यायला हवे. दहा-वीस माणसांना काम देणारे दुकान छोट्या गावात म्हणूनच मोठी गोष्ट ठरते.

ओस पडलेल्या बाजारपेठांच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र चळवळही आहे. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने १९७७ मध्ये तीन गावांत ‘मेन स्ट्रीट’ प्रकल्पाचा प्रयोग केला. इलिनॉयमधील गेल्सबर्ग, इंडियानातील मॅडिसन आणि साउथ डकोटातील हॉट स्प्रिंग्ज ही तिन्ही गावे मिडवेस्टमधील होती. जुन्या इमारती न पाडता वापरात आणणे, दुकानदारांना एकत्र आणणे, सण-जत्रांमधून लोकांना बाजारात खेचणे ही त्याची सूत्रे. १९८० पासून हा उपक्रम देशभर राबवला जात आहे. मात्र इमारत दुरुस्त केली म्हणून ग्राहक येतोच असे नाही, हा अनेक गावांचा अनुभव आहे.

एकाच धाग्याची चिंता

हॅमिल्टनच्या यशाची दुसरी बाजूही गंभीर आहे. शेकडो लोकांना रोजगार देणारी एकच कंपनी, एकच छंद आणि त्या छंदाचा चेहरा बनलेली एकच व्यक्ती यांवर गावाची बाजारपेठ अवलंबून आहे. रस्त्यावरील दुकाने अनेक दिसत असली तरी त्यांतील पुष्कळांचा मालक एकच. पेनींच्या काळातील मेन स्ट्रीटवर किराणा दुकान तोट्यात गेले तरी लोखंडी सामानाचे दुकान तग धरत असे. येथे एका हिशेबवहीतील तूट साऱ्या रस्त्यावर जाणवू शकते.

अशा अवलंबित्वाची किंमत मिडवेस्टने मोजली आहे. आयोवा राज्यातील न्यूटन हे मेटॅग कंपनीच्या धुलाई यंत्रांचे गाव. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने शंभरहून अधिक वर्षे गाव पोसले. २००६ मध्ये व्हर्लपूलने ती विकत घेतली आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. सुमारे पंधरा हजार वस्तीच्या गावाने आपला मुख्य आधार गमावला. कंपनी तोट्यात नसतानाही, केवळ मालकी बदलल्याने निर्णय दुसरीकडे जाऊ शकतो, हा धोका प्रत्येक एक-कंपनी गावाला असतो.

कापडाच्या बाजारातही स्थैर्य नाही. १९४३ मध्ये ओहायोत सुरू झालेली ‘जोअ‍ॅन’ ही कापड व शिवणसाहित्याची अवाढव्य साखळी २०२५ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि तिची सुमारे आठशे दुकाने बंद झाली. खुद्द पेनींच्या कंपनीनेही मे २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्यानंतर ती नव्या मालकांकडे गेली. क्विल्टचे पुष्कळसे कापड अमेरिकेबाहेर तयार होते, त्यामुळे आयातशुल्कातील चढउतारांचा भार विक्रेत्यावर पडतो. मोठ्या साखळ्यांच्या पडझडीने छोट्या विक्रेत्यांना काही नवे ग्राहक मिळतील. पण हौस ही गरज नव्हे. घरखर्चाला कात्री लागते तेव्हा ती पहिल्यांदा हौसेलाच लागते.

आणखी एक प्रश्न गावकऱ्यांच्या रोजच्या जगण्याचा आहे. पर्यटकांसाठी सजलेल्या बाजारात कापडाचे हजारो नमुने मिळतात, पण खिळे, बियाणे आणि औषधे यांच्यासाठी गावाला निराळी सोय लागतेच. स्थानिकांचा बाजार आणि पाहुण्यांचा बाजार एकच नसतो. दोन्ही एकाच रस्त्यावर नांदणे हीच कोणत्याही पर्यटनगावाची कसोटी असते.

जाणारे आणि राहणारे

हॅमिल्टनने दोन उद्योजक कुटुंबे पाहिली. पहिले गावात जन्मले, येथे शिकले आणि बाहेर जाऊन मोठे झाले. दुसरे बाहेरून आले, येथे अडचणीत सापडले आणि येथेच राहून मोठे झाले. पेनींना गाव सोडल्याचा दोष देता येणार नाही. त्या काळात दुकान तेथेच चालत असे, जेथे ग्राहक चालत येई. डोन कुटुंबाला मात्र ग्राहक देशभरातून मिळवता आले आणि पाय गावात रोवून ठेवता आले. तंत्रज्ञानाने ही शक्यता निर्माण केली, पण तिचा लाभ गावाला मिळाला तो कुटुंबाने रिकाम्या इमारतींत पैसा घालण्याचे ठरवले म्हणून. संकेतस्थळावरून भरपूर विक्री करणाऱ्या कंपन्या अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांच्यापायी एखादा रस्ता उजळल्याची उदाहरणे थोडी.

हे उदाहरण जसेच्या तसे दुसरीकडे उतरवता येईल का, याविषयी मतभेद संभवतात. प्रत्येक गावाला जेनी डोन लाभणार नाही. परंतु मागणी कोठे अडून पडली आहे हे ओळखणे, ज्ञान मोफत देऊन माल विकणे आणि कमावलेल्यातील वाटा आसपासच्या भिंती सावरण्यात घालणे या तीन गोष्टींना क्विल्टचीच गरज आहे असे नाही. हॅमिल्टनची पुढची परीक्षा याहून अवघड आहे. पाहुण्यांच्या गर्दीच्या आधाराने, क्विल्टशी संबंध नसलेली स्वतंत्र मालकांची दुकाने डेव्हिस स्ट्रीटवर किती उघडतात, यावर या गावाची वीण किती टिकाऊ आहे ते ठरेल.

दृष्टिक्षेपात हॅमिल्टन

१८५५ – गावाची आखणी
१८५९ – हॅनिबल-सेंट जोसेफ लोहमार्ग पूर्ण
१८७५ – जेम्स कॅश पेनी यांचा जन्म
१८९५ – पेनींची हेल यांच्या कापड दुकानात उमेदवारी
१९०२ – केमरर, वायोमिंग येथे पेनींचे पहिले ‘गोल्डन रूल’ दुकान
१९२४ – पेनींचे पाचशेवे दुकान हॅमिल्टनमध्ये
१९९५ – डोन कुटुंबाचे मिसूरीत आगमन
२००८ – ‘मिसूरी स्टार क्विल्ट कंपनी’ची स्थापना
२०१५ – संस्थापकांना राष्ट्रीय लघुउद्योजक पुरस्कार
२०१९ – जुन्या शाळेत मिसूरी क्विल्ट संग्रहालय